दैवशालाच्या दुकानाचे चौसष्ट शुभेच्छुक

भोकरदन,
कोजागरीनंतरचा सोमवार

तीर्थस्वरूप रमाअक्कास,

धाकट्या मुकुंदाचा गुडघे टेकून नमस्कार. (माझे अजून टेकतात, तोवर टेकून घेतो.)

तुझ्या गुडघ्याचं कसं आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम तू स्वतः करतेस की शेजारच्या बायकांना गोळा करून नुसते शिकवतेस? तीस वर्षं मास्तरीण होतीस म्हणून विचारतो, राग मानू नकोस. दाजींची साखर आटोक्यात असेल. त्यांचा चहा दिवसातून दोनच वेळा होतो असं तू सगळ्यांना सांगतेस, त्यावर मी काही बोलत नाही. इकडे सोयाबीन निघालं, मोंढ्यात पाय ठेवायला जागा नाही, आणि दिवाळीच्या फ्लेक्सांची ऑर्डर सुरू झाल्यामुळे माझ्या दुकानात पुढाऱ्यांचे फोटो उन्हात वाळत घातलेत. तुझ्या भावजयीने चकलीची भाजणी पाठवायची ठरवली आहे. ती या पत्राच्या आधी पोचली तर पत्राकडे तू जरा प्रेमाने बघशील असा तिचा अंदाज आहे.

आता मुद्द्याचं. दसऱ्याच्या दिवशी तुझा फोन आला. तू एवढंच विचारलंस की मुकुंदा, माझ्या दैवशालाच्या दुकानाचं काय करून ठेवलंस, आणि मी तोंड उघडायच्या आत ठेवून दिलास. नंतर मी तीनदा लावला, तू उचलला नाहीस. शेवटी म्हटलं, कागदावरच खुलासा करावा. कागदाचा एक फायदा आहे, समोरचा माणूस मधेच बोलत नाही.

हे पत्र तुझ्या आधी दाजी वाचणार हे मला माहीत आहे, म्हणून त्यांच्यासाठी मुळापासून सांगतो. दैवशाला ही अक्काची घनसावंगीच्या शाळेतली विद्यार्थिनी. सातवीत असताना तिने शाळेचा बंद पडलेला रेडिओ न विचारता उघडला आणि चालू करून दाखवला, तेव्हा अक्काने तिला आधी छडी दिली आणि मग पेन दिलं. (ती अजून हाच क्रम सांगते.) लग्न होऊन ती वाटूरला साहेबरावांच्या घरी गेली. नवरा सोमेश्वर जालन्याला स्टीलच्या कारखान्यात, आठवड्यातून एकदा घरी. हिने मोबाईल दुरुस्तीचं शिक्षण घेतलं आणि अक्षय्य तृतीयेला वाटूर फाट्यावर, सासऱ्यांच्याच मालकीच्या गाळ्यात, एक टेबल, एक दिवा आणि डोळ्याला लावायचं भिंग एवढ्या भांडवलावर बसली.

साहेबरावांना ते रुचलं नाही. माणूस वाईट नाही. आवाज चढवत नाही, ताट भिरकावत नाही. पण आपल्या घरची सून फाट्यावर बसून परक्या लोकांचे फोन उघडते, हे सोयऱ्यांना कसं सांगायचं ते त्यांना सुचेना. मग त्यांनी एवढंच ठरवून दिलं की दसऱ्यापर्यंत बस, दसरा झाला की गाळा खतवाल्याला द्यायचा. त्या दिवसापासून ते फाट्यावर चहाला आले की गाळ्याकडे पाठ करून बसायचे. ऊन तोंडावर आलं तरी खुर्ची फिरवायचे नाहीत. चांगुणाबाई, म्हणजे दैवशालाची सासू, सुनेच्या बाजूने होत्या, पण त्या बाजूने असणं म्हणजे डबा वेळेवर पाठवणं, त्यापलीकडे त्यांची चाल नव्हती. दसरा जवळ येत चालला आणि पोरीने तुला फोन केला. तू म्हणालीस, दुकानाची वेबसाईट कर, आणि फ्लेक्सांच्या जोडीला मी वेबसाईटही बनवून देतो म्हणून माझा नंबर दिलास. इथपर्यंत दोष तुझा आहे.

कल्पना मात्र चांगली होती. वाटूर फाट्यावर लोक बस बदलतात. सकाळी जाताना फोन टाकायचा आणि परतीच्या गाडीने येताना न्यायचा, असं तिचं गिऱ्हाईक. पण आपल्या फोनचा सुटा भाग तिच्याकडे आहे की नाही हे आसपासच्या गावांना घरबसल्या कळलं तर फेरा वाचतो. म्हणजे वेबसाईटवर कोणकोणत्या कंपन्यांचे फोन दुरुस्त होतात ते ठळक दाखवायचं. आणि ते नुसतं इंग्रजी नावांनी दाखवून चालत नाही. चांगुणाबाईंना अक्षर येत नाही, पण फोनच्या पाठीवरची खूण बघून त्या बराबर सांगतात की हा आमच्या सोमेश्वरचा, हा जावयाचा आणि हा खाल्लेल्या सफरचंदाचा डॉक्टरांचा.

आता या खुणा आणायच्या कुठून? आजवर मी इंटरनेटवर शोधून दिसेल ते उचलायचो. एक चित्र मोठं, एक बारीक, एकाच्या मागे पांढरी चौकट, एक आडवं ताणलेलं. सगळी शेजारी ठेवली की वेगवेगळ्या लग्नांतले वऱ्हाडी एकाच पंगतीला बसल्यागत दिसायचं. हे मी आपल्या श्रद्धाला दाखवलं. (दाजी, श्रद्धा म्हणजे माझी मुलगी, संभाजीनगरला वेबसाईटच्याच नोकरीत आहे. तुम्ही तिला बँकेत आहे असं सांगत फिरता, म्हणून पुन्हा सांगतो.) ती हसली आणि म्हणाली, बाबा, याचा एक मोफत संग्रह आहे. जगभरच्या मंडळींनी फावल्या वेळात कंपन्यांच्या खुणा नीट काढून ठेवल्या आहेत, तीन हजारांवर. सगळ्या एका मापाच्या, एका रंगाच्या, कितीही मोठ्या केल्या तरी कडा फाटत नाहीत. आपल्या वेबसाईटमध्ये त्या संग्रहाचा पत्ता लिहायचा की चित्र तिथून येऊन बसतं.

अक्का, मला आपल्या नानांच्या छापखान्यातली ती ठशांची लाकडी पेटी आठवली. गणपती, कलश, सनईचौघडा, हात जोडलेली बाई. त्यातल्या गणपतीची सोंड टोकाला तुटलेली होती आणि तरी त्याने निम्म्या तालुक्याची लग्नं लावली. तो ठसा शेजारच्या प्रेसवाल्याने एकदा मागितला तर नानांनी दिला नाही, आठवडाभर दोघांचं बोलणं बंद होतं. आणि इथे तीन हजार ठसे, पेटी उघडी आणि राखणीला कोणी नाही! मी दोन दिवस नुसता बघत बसलो. पहिल्या दिवशी तर हे कुणाला तरी विचारायला पाहिजे म्हणून विचारायची जागा शोधत होतो.

माझ्या हातून पहिली चूक इथे झाली, ती कबूल करतो. दैवशालाने मला नऊ कंपन्यांची यादी दिली होती. नऊ बसवल्यावर ओळ अर्धी रिकामी राहिली. मला रिकामी ओळ बघवत नाही, हा बावीस वर्षांच्या फ्लेक्सचा आजार. म्हटलं, फुकट आहे तर हात आखडता का घ्यावा? मोटारसायकली घेतल्या, ट्रॅक्टर घेतला, दोन विमान कंपन्या, तीन बँका, थंड पेयं, परदेशातला एक फुटबॉलचा संघ (त्याची खूण देखणी होती), सगळे मिळून चौसष्ट भरले. मग सगळ्यांना एक भगवा रंग दिला, खाली मंद पिवळा. आणि मानाचा क्रम लावण्यासाठी श्रद्धाला फोन करून कोणती कंपनी वयाने मोठी ते विचारून घेतलं. एका अक्काचं नाव एका फ्लेक्सवर चौथं गेल्यापासून क्रमाच्या बाबतीत मी फार जपतो. नानांच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या त्या फ्लेक्सबद्दल मी या पत्रात काहीही बोलणार नाही.

दुसरी चूक त्याहून मोठी, पण ती मी केली असं म्हणता येत नाही, ती हाताने केली. अशी ओळ बसवून झाली की तिच्यावर शीर्षक टाकायचं असतं. आपल्या भागातल्या कुठल्याही फ्लेक्सवर खालच्या ओळीत गोल गोल फोटो असतात आणि त्यावर एकच शब्द असतो. माझ्या बोटांनी तो टाईप केला आणि मला पत्ता लागला नाही. शुभेच्छुक.

पुढचं तू ओळखलंच असशील. वाटूरच्या लोकांनी वेबसाईट उघडली आणि खाली बघितलं तर दैवशालाच्या दुकानाला चौसष्ट कंपन्यांच्या शुभेच्छा. आपल्याकडे बॅनर वाचायची एक रीत आहे, वर काय लिहिलंय ते कुणी वाचत नाही, खाली कोण कोण आहे ते बघतात. आठ दिवसांत फाट्यावर चर्चा सुरू झाली की पोरीची पोच लांबवर आहे. एक जण ट्रॅक्टरचा गिअर अडकतो म्हणून सांगायला आला. वाटूरचेच एक गृहस्थ हैदराबादच्या विमानाचं तिकीट काढून मिळेल का विचारून गेले. बँकेत तुमची ओळख आहे तर आमचं पासबुक भरून आणता का, असंही झालं. दैवशाला बिचारी प्रत्येकाला सांगायची की मी फक्त फोन करते. त्यावर लोक म्हणायचे, मोठी माणसं असंच म्हणतात.

मला वाटलं, झालं काम, सासरे आता विरघळणार. पण अक्का, झालं उलटंच. चहाच्या टपरीवर कुणीतरी साहेबरावांना तो पडदा दाखवला. त्यांनी चष्मा लावून चौसष्ट खुणा एकेक करून बघितल्या, वरून खाली आणि खालून वर. मग चष्मा काढून म्हणाले, “साऱ्या दुनियेनं शुभेच्छा देऊन राह्यल्या. घरचा करता माणूस मातर कोणाला दिसला न्हाई.” आणि घरी जाऊन न जेवता पडून राहिले. बरोबर आहे त्यांचं. घरच्या कार्याच्या बॅनरवर घरातल्या वडीलधाऱ्याचा फोटो पहिला पाहिजे, हे मी दुसऱ्यांना शिकवत आलो. आता फुटबॉलच्या संघाला जागा आहे आणि सासऱ्याला नाही म्हटल्यावर कोणाचंही पोट दुखेल. दसरा बारा दिवसांवर होता आणि खतवाला गाळ्याची लांबी-रुंदी मोजून गेला होता.

त्यात तीन शुभेच्छुक नाहीसे झाले. खरंच. एका सकाळी दैवशालाचा फोन, की काका, ओळीत तीन घरं मोकळी दिसून राह्यली. मी उघडून बघितलं तर तीन खुणांच्या जागी फुटक्या चित्राची निशाणी. वाटूरला दुपारपर्यंत बातमी पसरली की तीन कंपन्यांनी नाव काढून घेतलं, काहीतरी बिनसलं असणार. खतवाल्याने म्हणे साखर वाटायची तेवढी बाकी ठेवली. मी घाबरून श्रद्धाला फोन केला. तिने विचारलं, तुम्ही संग्रहाची कोणती आवृत्ती जोडली? मी अभिमानाने सांगितलं, सगळ्यात ताजी. भाजी ताजी घ्यावी, वर्तमानपत्र ताजं घ्यावं, तसं मी तिथे कायम ताजी असं लिहून टाकलं होतं. ती म्हणाली, तिथेच चुकलं. संग्रहवाले अधूनमधून खुणा बदलतात, एखादी कंपनी नको म्हणाली तर काढून टाकतात. ताजी जोडली की तिकडे काढलं की इकडे गेलं. एक ठरावीक आवृत्ती पकडायची, नाहीतर लागतील तेवढ्या खुणा उतरवून आपल्याकडे ठेवायच्या.

हे सांगता सांगता तिने वेबसाईट उघडली आणि शीर्षक बघितलं. मग पोरगी मला जे बोलली ते मी लिहीत नाही, तुझीच भाची आहे. सार एवढंच की बाबा, चित्र फुकट आहे, कंपनीचं नाव फुकट नाही. आम्ही यांचे फोन दुरुस्त करतो असं सांगायला खूण वापरा, बिलकुल हरकत नाही. पण कंपनी आमच्या पाठीशी आहे असं भासवलं तर ते खोटं होतं, आणि खुणांना परस्पर भगवा रंग फासणं तर त्याहून अवघड. मी म्हटलं, मी कुठे भासवलं, मी फक्त आदराने बसवलं. ती म्हणाली, चौसष्ट जणांना न विचारता? अक्का, बावीस वर्षांत मी कितीतरी लोकांचे फोटो त्यांना न विचारता शुभेच्छुकांत बसवले असतील, आणि त्यांतला एकही तक्रार घेऊन आला नाही. आले ते सगळे राहून गेलेले. पण पोरीचं म्हणणं मला पटलं, खोटं सांगत नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी सगळं निस्तरायला बसलो. नऊ फोन कंपन्यांच्या खुणा उतरवून घेतल्या, साध्या काळ्या रंगात वर नेल्या आणि त्यावर लिहिलं, या कंपन्यांचे फोन येथे दुरुस्त होतात, आमचं दुकान स्वतंत्र आहे, कंपनीचं नाही. बाकीचे पंचावन्न (आपणहून गेलेले तीन धरून), विमानं, बँका, फुटबॉल, सगळ्यांना हात जोडून निरोप दिला. फक्त खालचं शीर्षक काढायचं विसरलो. वय झालं, अक्का. दसऱ्याच्या सकाळी वेबसाईट उघडली की खाली मोठ्या अक्षरात शुभेच्छुक, आणि त्याखाली चार बोटं पांढरं. बस. तू जे बघून मला फोन केलास ते हेच.

त्या संध्याकाळी साहेबरावांच्या ओसरीवर गाव सोनं द्यायला आलं. आपट्याची पानं हातात, तोंडाने दसऱ्याच्या शुभेच्छा, आणि खिशातून फोन काढून एकेकजण दाखवतोय, की साहेबराव, तुमच्या सुनेच्या दुकानाला आता कोणीच राहिलं नाही की. कुणी हसून, कुणी हळहळून. साहेबरावांनी प्रत्येकाचा फोन हातात घेतला, बघितला आणि परत दिला. मला हे चांगुणाबाईंनी नंतर सांगितलं, आणि सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास मी एका वाढदिवसाच्या फ्लेक्सला दोरी ओवायच्या रिंगा ठोकत होतो, तर दारात साहेबराव. वाटूरहून जालना, जालन्याहून भोकरदन, दोन एसट्या बदलून आलेले. डोक्याला कोरा फेटा. मी खुर्ची दिली, पाणी दिलं, आता काय ऐकावं लागतंय म्हणून उभाच राहिलो. त्यांनी छातीच्या खिशातून पाकीट काढलं, पाकिटातून फोटो काढला आणि टेबलावर माझ्याकडे सरकवला. फोटोत तोच फेटा होता.

“हा टाका तिथं. एवढी जागा मोकळी ठिवायची असती व्हय? लोक म्हणतेल, पोरीच्या मागं घरात कोणीच न्हाई.”

मी म्हटलं, टाकतो, पहिलाच टाकतो. मग जरा धीर करून विचारलं की गाळ्याचं काय ठरलं, खतवाला वाट बघत असेल. मला काही कळतं की नाही, अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे बघितलं.

“शुभेच्छुकात माझा फोटो लागल्यावर गाळा मागता येतो का, मुकुंदराव? मंग लोकाला काय सांगू? खतवाल्याला मी जालन्यातून फोन करून आल्तो.”

मी फोटो स्कॅन केला, गोल कापला, कडेला बारीक सोनेरी रेघ दिली (तेवढी मुभा मी घेतली) आणि त्यांच्यासमोर चढवला. ते बराच वेळ बघत बसले. निघताना म्हणाले, पोरगी भिंग लावून काम करते ते मी पाहिलंच नाही कधी, आता फाट्यावर उतरलो की जाऊन बघतो. खुर्ची फिरवली एकदाची. दैवशाला सांगते, ते आता रोज येऊन बसतात आणि गिऱ्हाईकाला फोन कुठल्या कंपनीचा ते खूण बघून सांगतात, निम्मे चुकतात. दुकान चालू आहे, पाटी नवी होतेय, आणि तुझ्या विद्यार्थिनीने तुला नमस्कार सांगितला आहे.

तर असा सगळा प्रकार आहे. राग उतरला असेल तर फोन उचल. दाजींना नमस्कार, आणि भाजणी मिळाली की डबा परत पाठवायची घाई नाही, तुझी भावजय तसं म्हणत असली तरी.

तुझा धाकटा भाऊ,
मुकुंदा

ता. क. मूळ काम राहिलं. साहेबराव दोन दिवसांनी पुन्हा येऊन एक्केचाळीस नावांची यादी देऊन गेले, सगळी सोयरी मंडळी, फोटोंसह. ते माझं मी बघतो. पण दैवशालाने यादीच्या वर एकच नाव स्वतःच्या हाताने लिहिलं आहे, तिच्या बाईंचं. तेव्हा एक चांगला फोटो पाठव, गॉगलचा नको. साहेबरावांच्या खालोखाल दुसरी जागा तुझी, एक्केचाळीस जणांच्या वर, मी जातीने मोकळी ठेवली आहे. नानांच्या त्या फ्लेक्सचं आता तरी मिटलं समज. मी तुला चौथं टाकलं ते चुकलंच होतं, अक्का.

ता. ता. क. वर मी लिहिलं की शीर्षक काढायचं विसरलो. बावीस वर्षं हे काम करणारा माणूस शीर्षक विसरत नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी ते काढायलाच बसलो होतो आणि दैवशालाला तसं फोनवर सांगितलंही. ती म्हणाली, “काका, ते ऱ्हाऊ द्या. खाली काहीच टाकू नका. आमच्या आबांना भरलेलं दिसत न्हाई, मोकळं बराबर दिसतं.” हे साहेबरावांच्या कानावर कधीही जाता कामा नये. दाजी, तुम्ही हे आधीच वाचलं आहे. तोंड बंद ठेवा, म्हणजे स्टँडवरच्या तुमच्या तिसऱ्या चहाचं मी अक्काला मुळीच कळू देणार नाही.